लेयाच्या शालूचा पडदा

भादवा सरत आला की बालाघाटाच्या उतारावरची सीताफळं डोळे उघडायला लागतात. हिरव्या कवचातल्या फटी पांढुरक्या होतात, आणि डोंगरातल्या बाया पाट्या भरभरून बाजारात येऊन बसतात. घरातली पोरं नाचतात. मला मात्र काही सुचेनासं होतं. चूल पेटवली की भांडं विसरते, भांडं ठेवलं की पीठ विसरते. परवा नातसुनेच्या चोळीची उसवलेली बाही शिवायला घेतली आणि शिवता शिवता दुसरी, चांगली बाहीसुद्धा उसवून ठेवली. "आजी, तुमाला झालंय तरी काय?" ती म्हणाली. काय सांगणार? उन्हाला बोल लावला आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला बसले. तोही तीनदा चुकला.

ते दिवस निजामाच्या राज्यातले. कागदोपत्री आमच्या गावाचं नाव मोमिनाबाद, बायकांच्या तोंडी अंबाजोगाईच. गावाला लागून छावणी होती, छावणीत रिसाला होता, आणि रिसाल्याच्या घोड्यांवर आमचं घर चालत होतं. आम्ही जातीचे शिंपी, पण माणसांचे कपडे आमच्याकडे कमीच शिवले जात. घोड्यांच्या झुली, खोगिराखालच्या गाद्या, तंबूंच्या कनाती, आणि पोळा जवळ आला की बैलांच्या झुली. जाड काम नवऱ्याकडे, नक्षी माझ्याकडे. मोर, वेल, कमळ, चंद्रकोर. सासू म्हणायची, "हिच्या हाताला भवरा बांधलाय." खरंच होतं ते. जेवताना डाव्या हाताने मी पदराचे दोरे ओढत बसायची. झोपेतसुद्धा हिची बोटं हलतात असं नवरा लोकांना सांगायचा, आणि कौतुकाने सांगायचा नाही.

काम संपलं की लोकांना बरं वाटतं. मला कधीच वाटलं नाही. झूल पुरी झाली, बैलाच्या पाठीवर चढली, वाजतगाजत वेशीतून गेली की मी घरी येऊन चिंध्या उलथ्यापालथ्या करत बसे. काहीतरी हाती हवं. नाहीतर जीव नुसता आत-बाहेर करायचा, आणि त्याचा राग कुणावर काढावा ते कळायचं नाही. बहुतेक वेळा तो सासूवरच निघायचा.

छावणीच्या दवाखान्यात गोऱ्या डॉक्टरच्या हाताखाली शलोमबाबू म्हणून एक गृहस्थ होते. मूळचे अलिबागेकडचे. घरी बायको मलकाबाई आणि एकुलती मुलगी लेया. हे लोक नक्की कोण, हे गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. लुगडं आमच्यासारखं, गळ्यात मंगळसूत्र आमच्यासारखं, बोलणं मराठी. पण कपाळ मोकळं, आणि देव म्हणावा तर घरात एक मूर्ती नाही. कुणी म्हणे मुसलमान, कुणी म्हणे किरिस्ताव. मी एकदा सरळ विचारलं. मलकाबाई हसल्या. म्हणाल्या, "आम्ही बेने इस्राएल गो. आमच्याकडं लोक आम्हाला शनिवार तेली म्हणतात. वाडवडील तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे."

शनिवारी त्यांच्या घरात चूल पेटत नसे. शुक्रवारी दुपारीच सगळं रांधून झाकून ठेवायचं आणि दिवस मावळला की हात जोडून मोकळं व्हायचं. मला त्याची मोठी गंमत वाटे. अख्खा एक दिवस हात बांधून बसायचं, ही तर शिक्षाच की. चोराला फौजदार देतो तसली.

लेया सतरा वर्षांची होती. दुपारची माझ्याकडे टाके शिकायला यायची आणि बदल्यात मला अक्षरं शिकवायची. हे मी जे लिहिते आहे ते तिच्या जिवावर. हात नाजूक, जीभ तिखट. माझा 'ळ' वाकडा आला की सरळ बोटावर टिचकी मारायची. "गिरजाताई, मोर एवढा सरळ काढता आणि एक अक्षर सरळ काढता येत न्हाय?" मी म्हणायची, "मोर मी पायलाय. 'ळ' कुनी पायलाय?" मग ती खो खो हसायची आणि पाटी पुसून पुन्हा माझ्यापुढे सरकवायची.

तिचं लग्न तिकडे, त्यांच्या माणसांत ठरलं होतं. दिवाळी झाल्यावर जायचं होतं. पैठणहून शालू आणला होता, गर्द हिरवा, पदरावर जरीचे राघू. छावणीतल्या मडमेकडून ती लोकरीचं विणकाम शिकली होती, आणि आपल्या संसारासाठी म्हणून लाल फुलांची एक पट्टी विणत होती. पाच फुलं झाली, सहावं अर्धं झालं, आणि श्रावणात ताप आला. घरात दवाखान्यातला माणूस असून आठ दिवसांत पोरगी गेली.

तिला पुरायचं कुठे, हाही प्रश्नच होता. मुसलमानांच्या कबरस्तानात ती बसेना, गोऱ्यांच्या कबरस्तानात बसेना. शेवटी छावणीपलीकडच्या माळावर, एका बाभळीच्या अलीकडे, एकटीला ठेवली. त्यांच्यात पुरी प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात म्हणे. इथे एकटे शलोमबाबू. ते एकटेच पुटपुटत उभे होते आणि आम्ही शेजारपाजारचे लोक लांब, काय करावं ते न कळून उभे. मलकाबाई रडल्या नाहीत. बाया घरी येताना म्हणाल्या, "बाई लई घट्ट हाय."

पोळा झाला. रिसाल्याच्या झुली धुऊन वाळत पडल्या होत्या. एके दुपारी मलकाबाई काखेत गाठोडं घेऊन आल्या, ओसरीवर बसल्या आणि गाठ सोडली. आत लेयाचा शालू.

"गिरजे, याचा पडदा करून दे."

मला वाटलं, दाराचा. मी म्हटलं, "दाराला शालू लावनार? कावून?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या गावच्या देवळात, त्याला ते लोक मशीद म्हणतात, मूर्ती नसते. भिंतीत एक कपाट असतं, हेखाल त्याचं नाव. त्यात हाताने लिहिलेल्या, गुंडाळून ठेवलेल्या पोथ्या असतात. देवाचा शब्द तो. त्या कपाटापुढे पडदा असतो. घरातलं कुणी गेलं तर त्याच्या आठवणीने लोक असा पडदा देतात, कधी लग्नाच्या कपड्यांचाही करतात. "बदलीचा हुकूम आलाय," त्या म्हणाल्या. "नव्याच्या सणाला आमचं वर्ष सुरू होतं, त्याआधी आम्ही गावी पोचणार. पुढं महिन्याच्या अखेरीस पोथ्यांचा सण असतो. त्या दिवशी सगळ्या पोथ्या बाहेर काढून नाचवतात. सगळा गाव जमतो. त्या दिवशी हा तिथं हवा." मग म्हणाल्या, "पोरीला इथं माळावर टाकून जायचंय मला. तिच्या अंगाला लागायचा होता तो तरी घरी पोचू दे."

मी हो म्हटलं. नाही कोण म्हणणार होतं? पण त्याच क्षणी माझे हात शिवशिवायला लागले, हेही खोटं कशाला सांगू. मेलेल्या मैत्रिणीचा शालू मांडीवर आणि माझ्या डोक्यात नक्षी. मला माझीच लाज वाटली. तरी नक्षी थांबली नाही.

शलोमबाबूंनी पडद्याच्या मापांचा एक कागद आणून दिला. त्यावर पट्टीने ओढलेल्या उभ्या-आडव्या रेघा, मोडक्या हाताला फळी कशी बांधावी त्याची आकृती असावी तशा. तो कागद मी गादीखाली घातला. मग मलकाबाईंनाच बोलावलं आणि विचारत सुटले. कपाट केवढं? उजेड कुठून येतो? पडदा सरतो कुणीकडे? माणसं उभी राहतात की बसतात? त्यांनी कोळशाने ओसरीवर सगळी मशीद काढून दाखवली. दार इथे, खिडक्या इथे, बायका वर माडीवर. सासू त्यांच्या मागे फडकं घेऊन उभीच होती.

पहिल्यांदा मी शालूवर वरच्या बाजूला मधोमध रांगोळीने एक मुखवटा काढला. आमच्या गावदेवी जोगाईचा असतो तसा, मोठे डोळे, नाकात नथ. आमच्याकडे देवाचं काही करायचं म्हटलं की हात तिथेच जातो. मलकाबाईंनी पाहिलं आणि हळूच बोटाने ती रांगोळी पुसली. "चेहरा नको गो. माणसाचा नको, देवाचा नको."

"मग देव हाय हे कळायचं कसं?"

"आम्ही पडद्यापुढं उभे राहातो. तेवढंच."

मला ते पटलं नाही. रागच आला थोडा. ज्या देवाला डोळे नाहीत तो पोरीला कसा ओळखणार, असंही मनात आलं. पण मग दोन खांब काढले, मधे सात वातींची समई, वर मुकुट. मुकुट जोगाईचाच झाला, तो त्यांनी राहू दिला. खाली डाळिंबं हवी होती. डाळिंब मी तोवर काही भरलं नव्हतं. खवले खवले पाडत गेले आणि झालं सीताफळ. मलकाबाई बघत राहिल्या. म्हणाल्या, "असू दे. तिला आवडायचं." पदरावरचे राघू तसेच ठेवले. खालच्या कोपऱ्यात शलोमबाबूंनी त्यांच्या लिपीत लेयाचं नाव काढून दिलं, तीन अक्षरं. ती मात्र मी वेल समजून भरली आणि एकदम सरळ आली.

आणि सर्वांत खाली ती लोकरीची पट्टी. पाच फुलं पुरी, सहावं अर्धं. मी म्हटलं, "येवडं पुरं करते की मी. लोकर हाय माज्याकडं." त्या जवळजवळ ओरडल्याच, "हात लावू नको त्याला!" मग ते अर्धं फूल तसंच टाचलं. रोज काम करताना ते माझ्या डोळ्यांपुढे असायचं आणि रोज मला वाटायचं, चार टाके, फक्त चार टाके.

त्याआधी शालू कापला, तो दिवस वाईट गेला. आमच्याकडे कातरी चालवण्याआधी तिला हळदीकुंकू लावतात. मलकाबाई कुंकवाच्या जवळ यायच्या नाहीत, म्हणून मी ती परसात नेऊन लावली आणि पुसून आणली. त्यांनी स्वतः कापड धरलं. कातरी जरीत अडली. पुन्हा घातली. "काप गो, काप," त्या म्हणत होत्या, आणि धरलेला हात ताणत होत्या, जणू मीच उशीर करत होते.

काम चालू असताना एकदा त्या बोलता बोलता म्हणाल्या, "आमच्यात एका कपड्यात लोकर आणि जवसाचं सूत एकत्र चालत न्हाय. तेवढं बघ." मी हसले. म्हटलं, "जवसाचं तेल निगतं, चटनी व्हती. सूत कुटनं निगायलंय?" त्याही हसल्या. "मी तेल्याची असून मी तरी कुठं पाहिलंय? पोथीत हाय म्हणून सांगते." श्रावणानंतर त्यांना मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. म्हणून ते हसणं लक्षात राहिलं, आणि त्या काय म्हणाल्या ते बाजूला पडलं.

आता कामाची गोष्ट सांगते. शालू रेशमी, जरीकाम जड, मागे अस्तर, वर पितळी कड्या. हा भार साध्या सुती दोऱ्याने पेलत नाही. कडीशी घासून दोरा महिन्यात तुटतो. घोड्याच्या झुलीला आम्ही अशा जागी एक विलायती दोरा वापरत असू, मेण लावलेला, पिवळसर, ओढला तर बोट कापेल पण तो तुटणार नाही. छावणीत खोगिरं शिवणारे करीमचाचा होते, त्यांच्याकडून तो यायचा. मी त्यांच्याकडून एक रीळ आणलं आणि अख्ख्या पडद्याच्या कडा, कड्यांची पट्टी, अस्तर, सगळं त्या दोऱ्याने दुहेरी टाक्यात शिवलं. लोकरीची पट्टीही त्यानेच. जन्मभर हलायला नको म्हणून.

बाहेर पितृपंधरवडा चालू होता. घरोघर खिरीचे वास, भिंतीवर कावळे, ऊन असं की पत्र्यावर पापड भाजावा. बाजरीची कणसं खुडून खळ्यावर येत होती आणि हवेत त्यांचा भुसा उडायचा, तो घामाला चिकटायचा. मी खोलीचं दार लावून शिवायची, भुसा रेशमावर बसू नये म्हणून. आत गुदमरायला व्हायचं. दार उघडलं की भुसा, लावलं की जीव घाबरा. दिवसातून वीसदा ते दार मी उघडलं असेल. हल्ली कुठे खळं दिसलं, तो भुसा नाकात गेला, की माझा हात आपोआप कडी शोधतो.

निघायचा दिवस गुरुवार ठरला. बार्शीला रेल्वे गाठायची, तिथवर दमणीने, म्हणजे हलक्या बैलगाडीने, दोन दिवस. गुरुवारी पहाटे निघालं तर शुक्रवारी दिवस मावळायच्या आत बार्शी, तिथे शनिवार बसून काढायचा आणि पुढे गाडी, मुंबई, मग गलबत. बुधवारी दुपारी पडदा पुरा झाला. मी तो ओसरीवर टांगला. नवरा बाहेर आला, बघत राहिला, आणि म्हणाला, "झकास झालंय." लग्नाला सहा वर्षं झाली होती, हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

संध्याकाळी करीमचाचा उरलेलं रीळ न्यायला आले. त्यांनी पडदा पाहिला, कडा चाचपल्या, मान डोलावली. "आता घोडे बांध ह्येला, न्हाई तुटायचा. जवसाचा धागा हाय बेटी."

मी म्हटलं, "कशाचा?"

"जवसाचा. विलायतेत त्येच्या काड्या कुजवून सूत काढतात. आपन बी घेतो, तेल गाळतो न् काड्या फेकून देतो."

चाचा गेले. मी पडद्यापुढे उभी राहिले. वर जवस, खाली लोकर. बाहेरून एक टाका दिसत नव्हता, सगळा दोरा अस्तराच्या आत. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आतला दोरा कोन बगायलंय? गाडी पाटं निगायली. गप ऱ्हा."

गप राहायला काय लागतं? काही नाही. मी पडद्याची घडी घातली. घडी उलगडली. पुन्हा घातली. ती बाई पोरीला घरी नेते आहे, आणि मी तिच्यात त्यांच्या देवाला न चालणारी गोष्ट शिवून ठेवली आहे. ते लोक नाचणार, पोथ्या बाहेर काढणार, पडदा सरकवणार, आणि दर वेळी तो दोरा तिथे असणार. कुणाला ठाऊक नसणार, मला असणार. मी चपला घातल्या आणि निघाले. बाजाराच्या कोपऱ्यावरून एकदा परत फिरले, दवाखान्याच्या फाटकातून एकदा परत फिरले. तिसऱ्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा मलकाबाई ट्रंकेला दोरी बांधत होत्या.

सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण दुसरा दम निघाला नसता. त्या ट्रंकेवर बसल्या. मी म्हटलं, "लोकरीची पट्टी काडली तर लगेच निगंल. घटकाभराचं काम. मग जवस असंना का?"

"ती तिच्या हातची हाय," त्या म्हणाल्या.

शलोमबाबू दारात उभे होते. दमलेला माणूस. ते म्हणाले, "मलका, कोणाला कळणार आहे?"

"आपल्या तिघांना कळलंय."

एवढंच. मला ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोसलं असतं, मीही काहीतरी उलट बोलले असते. त्यांनी ट्रंकेची दोरी सोडली, आतून कातरी काढली आणि म्हणाल्या, "चल."

गुरुवारी पहाटे दमणी आली आणि परत गेली. आम्ही दोघी माझ्या ओसरीवर समोरासमोर बसून उसवत होतो. शिवणं सोपं असतं, उसवण्यात जीव जातो. मेणाचा दोरा, दुहेरी टाका, ओढावं तर रेशीम फाटतं, म्हणून एकेक टाका सुईच्या टोकाने उचलून कापायचा. दुपारी सासू मुकाट्याने येऊन तिसऱ्या बाजूला बसली. डोळ्यांना नीट दिसत नसतानाही तिने हातभर कड उसवली. सांजेला जवसाच्या दोऱ्याचे बारीक तुकडे सुपात गोळा झाले होते, आणि ते सूप मला बघवत नव्हतं. शुक्रवारी आपल्या कापसाच्या सुताने, चारपदरी वळून, मेण घासून शिवायला घेतलं. मी माझ्या जन्मात एवढ्या भराभर शिवलं नाही. तरी दिवस कलला तेव्हा दोन बाजू आणि कड्यांची पट्टी राहिलीच होती. मलकाबाईंनी सुई अस्तरात खोचली, उठल्या, हात धुतले आणि पडदा घरी न्यायला उचलला. "झालं. आता रविवारी."

शनिवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. बैठकीत बाजेवर पडदा पडला होता, सुई खोचलेली. मी म्हटलं, "तुमी नका शिवू. मी तुमच्यातली न्हाई. मी शिवते. सांजपोतर हुईल."

"माझ्यासाठी शिवशील ना? मग ते मीच शिवल्यासारखं." त्यांनी बाजेची दुसरी कड थोपटली. "बस."

मी बसले. बसायचं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. रविवारी पहाटे निघालं नाही तर पुढची आगगाडी, गलबत, सण, सगळं चुकणार होतं. दोन बाजू शिवायच्या होत्या. सुई माझ्यापासून वीतभर होती. आणि काही करायचं नव्हतं. मी पदराचा दोरा ओढला, सोडला. बांगड्या फिरवल्या. उठून पाणी प्यायले, पुन्हा उठले. तिसऱ्यांदा उठायला गेले तेव्हा मलकाबाईंनी माझे दोन्ही हात धरून स्वतःच्या मांडीवर ठेवले आणि तसेच धरून ठेवले. माझी बोटं त्यांच्या मुठीत तडफडत होती. मग हळूहळू थांबली.

त्यांच्याही हातांना काम नव्हतं. श्रावणापासून पहिल्यांदा. ट्रंका बांधून झाल्या होत्या, भांडी भरून झाली होती, पडद्याला हात लावता येत नव्हता. मला वाटतं तोवर त्या बाईने स्वतःला एक घटकासुद्धा मोकळं ठेवलं नव्हतं. शनिवारी एरवी घर आवरलेलं असे, शलोमबाबू मोठ्याने पोथी वाचत, दवाखान्यातला कुणी ना कुणी येऊन बसे. त्या दिवशी घर रिकामं, भिंती मोकळ्या, दारातून ऊन सरकत आत येत होतं. त्या म्हणाल्या, "ती लहानपणी दूध प्यायची न्हाय. नाक दाबून पाजायला लागायचं." मग जरा वेळाने, "माझं काजळ चोरायची." मग, "त्या रात्री पाणी मागितलं तिने, मी झोपले होते." आणि मग त्यांना रडू कोसळलं. "शनिवारी रडायचं नसतं आमच्यात," असं म्हणत म्हणत रडत राहिल्या. मीही रडले. 'ळ' काढणारा माझा हात धरून बसलेली ती पोरगी मला एकदम दिसली, आणि इतके दिवस मी तिच्या शालूवर नक्षी भरत होते, तिच्यासाठी मी रडलेच नव्हते. शलोमबाबू आतल्या खोलीतून आले, आमच्याकडे पाहिलं, आणि खाली जमिनीवर बसले.

झालं ते बऱ्यासाठीच झालं, असं म्हणणाऱ्या माणसांचा मला अजून राग येतो. चूक ती चूक. मला आधी सांगितलं होतं आणि मी हसण्यावारी नेलं होतं. त्या एका दिवसाने माझी चूक धुऊन निघाली असं मी कधी मानलं नाही. पण गुरुवारी पहाटे ती दमणी ठरल्याप्रमाणे निघाली असती तर मलकाबाई कोरड्या डोळ्यांनी, ट्रंका मोजत, माझ्या गावातून निघून गेल्या असत्या. हे दोन्ही खरं आहे. दोन्ही एका घडीत बसत नाहीत, आणि भादवा सरत आला की मी ती घडी पुन्हा घालायला बसते.

शनिवारी रात्री दिव्याच्या उजेडात रेशमावर टाका दिसेना, म्हणून शिवण तसंच घेऊन रविवारी तांबडं फुटताना निघालो. मीही दमणीत बसले. माझं माहेर मांजरा नदीच्या अलीकडच्या काठाला, तिथवर शिवत जायचं आणि उतरायचं, असं सासूनेच सुचवलं. दमणीत आम्ही दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसलो, मधे पडदा, त्यांची एक कड, माझी एक. चाक खड्ड्यात गेलं की सुई बोटात. रेशमावर रक्त लागू नये म्हणून बोट तोंडात धरायचं आणि दुसऱ्या बोटाने टाका ओढायचा. गाडीवान ओरडायचा, "बाई, बैलं हळू घेऊ का?" आणि आम्ही दोघी एकदम ओरडायचो, "नको!" होळ गाव मागे पडलं, उन्हं वर आली, ज्वारीच्या पेरणीसाठी रानं पाळी घालून तयार पडली होती. माझी बाजू आधी झाली. मग मी त्यांच्या कडेला दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. दोन्ही सुया जवळ येत गेल्या. नदीची झाडं दिसायला लागली तेव्हा त्यांनी शेवटची गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला.

काठावर दमणी थांबली. मी खाली उतरले, पडद्याची घडी घातली. राघू आत, लोकरीची फुलं आत, अस्तर बाहेर. घडी त्यांच्या मांडीवर ठेवली. दोन दिवस मी एका गोष्टीची वाट बघत होते. त्या मला म्हणतील, गिरजे, माळावर जात जा अधूनमधून, बघत जा. त्या काही म्हणाल्या नव्हत्या. आता बैलं पाण्यात उतरायला लागली तेव्हा मला राहवलं नाही. मी काठाने चालत चालत ओरडले, "मलकाबाई, मी जाईन हां लेयाकडं! माळावर! दर म्हयन्याला जाईन!"

त्यांनी घडीवर दोन्ही हात ठेवले होते. मागे वळून म्हणाल्या, "तिथं कोण हाय गो आता? तिला तूच तर आता माझ्या मांडीवर दिलीस."